तिसऱ्या मजल्यावरचं माहेर

आमच्या द्वारकावहिनीला पाहुणी म्हणून बसता येत नाही. बाकी सगळं येतं. शंभर माणसांच्या पुरणाचा अंदाज ती नुसत्या नजरेनं घेते, अडलेल्या म्हशीची सुटका करते, आठ दिवस न बोलणाऱ्या जावांना एकाच परातीशी पीठ मळायला बसवते. पण तिला कोणाच्या घरी नेऊन खुर्चीवर बसवा, हातात चहाचा कप द्या आणि जरा पाठ फिरवा. बाई तुमच्या मोरीत भांडी घासताना सापडेल.

पाहुणी व्हायची सवय लागते माहेरी, आणि वहिनीला माहेरच नव्हतं. तिचे आईबाप पटकीच्या साथीत गेले. मामानं सांभाळली. रझाकारांच्या धामधुमीत मामा बिऱ्हाड उचलून नगरकडच्या मुलखात गेला. पोलीस ॲक्शन झाली, गेलेले लोक परत येऊ लागले, तसा तोही आला, पण फक्त भाचीला उजवायला. लासूर स्टेशनला आमच्या दारात अक्षता पडल्या, माझ्या रामकिसनदादाच्या हातात पोरीचा हात देऊन मामा जो गेला तो कायमचा. तेव्हा वहिनी तेरा वर्षांची आणि मी सात. माझं नाक गळत असायचं आणि ही मला 'अहो वन्सं' म्हणायची.

दिवाळीला गल्लीतल्या सगळ्या सुनांना न्यायला त्यांचे भाऊ यायचे. वहिनीकडे कोणी फिरकलं नाही. पुढं मी लग्न होऊन औरंगाबादला आले आणि दर दिवाळीला माहेरपणाला लासूरला जाऊ लागले. माझं माहेरपण करायचं कोणी? वहिनीनंच. मी पाटावर बसायची, ताटात तव्यावरची भाकरी पडायची, आणि वहिनी सगळ्यांच्या मागून जेवायची. बायकांनी पुरुषांच्या मागून जेवायचं आणि सुनेनं बायकांच्याही मागून, हा तेव्हा घरोघरचा रिवाज होता. पण वहिनीनं तो असा घट्ट धरला की सासू-सासरे गेले, माझा दादा गेला, घरात तिची स्वतःची सून आली, तरी सोडला नाही. घरातल्या शेवटच्या माणसानं हात धुतल्याशिवाय ती जेवायला बसत नाही. गार भाकरी आणि तळाची भाजी. विचारलं तर म्हणते, "मला गारच आवडती." साफ खोटं! गार भाकरी कधी कोणाला आवडते का?

तिच्या हातात खोट अशी एकच. चहात साखर कमी घालते. मी दर दिवाळीला सांगायची, "वहिनी, साखर कमी झाली गं." ती "व्हय का?" म्हणायची आणि पुढच्या चहात तेवढीच घालायची.

तर झालं असं, की आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून माझ्या मुलानं आम्हा दोघांसाठी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात तीन दिवसांची खोली घेतली. राहणं, खाणं, सगळं आलं त्यात. आमचे हे म्हणाले, "घरची खाट टाकून परक्या गादीवर झोपायला मला काय खूळ लागलंय?" आणि कुशीवर वळले. मी रागारागानं गारखेड्याच्या आमच्या घरात दोन दिवस भांडी आपटली, आणि भांडी आपटता आपटताच डोक्यात आलं. सकाळी आयता चहा, जेवण आयतं, अंथरूण दुसऱ्यानं घालायचं, उष्टं ताट उचलायचं नाही. याला आमच्यात माहेरपण म्हणतात. मग वहिनीचं का करू नये? मी ठरवून टाकलं. तीन दिवस तिनं इकडची काडी तिकडं करायची नाही, आणि एकदा तरी सगळ्यांच्या आधी, तव्यावरची गरम भाकरी खायची. अडुसष्ट वर्षांची झाली होती. आता नाही तर कधी?

मी फोन केला, "वहिनी, तुला माहेरी न्यायचंय."

"मला कुठलं माहेर, वन्सं?"

"आहे एक. लिफ्ट आहे त्याला."

भाऊ येतो तशी मी स्वतः गाडी करून तिला आणायला लासूरला गेले. तिनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा भरून ठेवला होता, आणि एक हिरवा खण. खण कशाला, तर माहेरी रिकाम्या हातानं जाऊ नये, घरच्या बाईला काहीतरी न्यावं.

हॉटेलच्या दारात पांढरे हातमोजे घातलेल्या माणसानं सलाम ठोकला आणि तिच्या पिशवीला हात घातला. वहिनीनं पिशवी सोडली नाही. "ऱ्हाऊ द्या भाऊ, हलकी हाय." तो ओढतोय, ही ओढतेय. शेवटी भाऊ हरला. आत काउंटरवरच्या मुलीला वहिनीनं पहिला प्रश्न विचारला, "घरची बाई कुठं हाय?"

"कोणत्या मॅडम, आजी?"

"हे घर जी चालवती ती."

मुलीनं टाय लावलेल्या मॅनेजरकडं बोट दाखवलं. वहिनीनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि खण पुन्हा पिशवीत घातला. "बाप्या माणसाला खण कसा द्यावा?" ती माझ्या कानाशी म्हणाली.

आम्ही खोलीत पोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाई अनवाणी आहे. परक्याच्या घरात चपला घालून कसं जायचं, म्हणून तिनं त्या काचेच्या दाराबाहेर, भिंतीला लावून, नीट जोडीनं काढून ठेवल्या होत्या. तेवढ्यात दारावर टकटक झाली. तोच हातमोजेवाला माणूस त्या चपला दोन्ही हातांत धरून उभा होता. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या पायातलं दुसऱ्याला उचलायला लावलं, म्हणून तिनं त्या माणसाला वाकून नमस्कार केला. त्यानं घाबरून तिला नमस्कार केला. मी दोघांना एकेक लाडू दिला आणि दार लावलं.

खोलीत चहाचं सामान ठेवलेलं होतं आणि साखरेच्या छोट्या कागदी पुड्या. वहिनीनं एक पुडी उलटसुलट करून पाहिली. "साखर येगळी का?"

"ज्याला जेवढी पाहिजे तेवढी त्यानं घालायची," मी म्हणाले. "बघ, जग किती पुढं गेलंय." आणि माझ्या कपात तीन पुड्या रिकाम्या केल्या. तिनं एकही घेतली नाही. उरलेल्या मात्र पिशवीत टाकल्या. टाकून कशाला द्यायच्या, म्हणाली.

दुपारी जेवायला खाली गेलो, आणि माझ्या बेताचे बारा वाजले.

मोठा हॉल, लांबलचक टेबलांवर झाकणं लावलेली भांडी, ज्यानं त्यानं ताट घेऊन वाढून घ्यायचं. मी वहिनीच्या हातात ताट दिलं. तिनं ते परत चळतीवर ठेवलं आणि भिंतीशी उभी राहिली.

"अगं, घे ना वाढून!"

"जेवू द्या की आधी पाव्हण्यांना."

"आपणही पाहुण्याच आहोत, वहिनी."

"व्हय व्हय. तुम्ही बसा."

मी बसले. भुकेनं माझं डोकं दुखतं. मला वाटलं, चार लोक उठले की येईल. पण तिच्या मनात हिशोब वेगळा होता. आमच्याकडं पंगत बसते आणि पंगत उठते. शेवटची पंगत उठली की मग वाढणाऱ्या बायका. हॉटेलात पंगत उठतच नाही. एक टेबल रिकामं होतं तोवर दुसरं भरतं. त्यात वेरूळहून परदेशी लोकांची एक बस आली. वहिनी म्हणाली, "लई माणसं हायती. अन्न पुरंल नव्हं?"

आणि तिला राहवलं नाही. एक गोरी म्हातारी जवळजवळ रिकामं ताट घेऊन बसली होती. वहिनीनं गुलाबजामांचं भांडं उचललं आणि तिला वाढायला गेली. म्हातारीनं नको म्हणून ताटावर हात आडवा धरला. आता आमच्या लासूरकडं ताटावर हात आडवा धरला म्हणजे माणूस अजून भुकेला आहे आणि लाजतोय, एवढाच अर्थ होतो. वहिनीनं बोटांच्या फटीतून एक वाढला. म्हातारीनं दोन्ही हात आडवे केले. वहिनीनं अजून दोन वाढले. "घ्या, घ्या! एवढ्यानं काय व्हतंय?" शेवटी त्या म्हातारीनं हसत हसत तिन्ही खाल्ले आणि तिच्या टेबलावरच्या सगळ्यांनी आपली ताटं वहिनीपुढं केली. वाढपी तोंडात बोट घालून बघत उभे.

त्यांच्यापैकी एकाला तिनं विचारलं, "भाऊ, तुम्ही जेवला का?"

"नाही आजी. तुम्ही सगळे उठल्यावर आमचं."

झालं! घरची माणसं उपाशी असताना ही कशी बसणार? आणि ही बसून उठल्याशिवाय ते कसे बसणार? बराच वेळ ते तिच्याकडं आणि ती त्यांच्याकडं बघत राहिली. भांडी आवरायला लागले तेव्हा कुठं तिनं दाराशी उभ्या उभ्या गार वरणभात खाल्ला. एवढ्या मोठ्या हॉटेलात तळाची भाजीही तिला बरोबर सापडली. मला असा संताप आला म्हणून सांगू!

दुसरा दिवस त्याहून वरचढ निघाला. मी खाली चक्कर मारून वर येते तो दोन्ही पलंग घडी न मोडल्यासारखे आवरलेले, मोरी घासलेली, हॉटेलचे टॉवेल धुऊन खुर्च्यांवर वाळत घातलेले, आणि वहिनीचं नऊवारी बाल्कनीतून खाली सोडलेलं. तिसऱ्या मजल्यावरून सोडलेलं नऊवारी बरंच खाली जातं. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाची खिडकी त्यानं पार झाकली. खाली बागेत दोघं जण त्याचा फोटो काढत होते. मॅनेजरचा फोन आला, "मॅडम, खालच्या साहेबांना वाटतंय, पडदा बाहेरून लावलाय."

मी साडी वर ओढतेय तेवढ्यात खोली आवरणारी बाई आली. तिनं चहूकडं नजर फिरवली आणि तिचा चेहरा उतरला. "बाई, माझ्या कामात काय खोट दिसली का? आधीच सांगा. वरून साहेब बोलतात मग."

वहिनी चपापली. आपण केलं म्हणजे हिच्या हातचं काम गेलं, हे तिला आत्ता समजलं. सरळ पलंगापाशी गेली, चादर ओढून काढली, उश्या इकडंतिकडं फेकल्या आणि म्हणाली, "घ्या. आवरा आता." मग त्या बाईला आधी खुर्चीवर बसवून लाडू खायला लावला.

माझा तोल तिथं सुटला. "वहिनी, पाहुणी होता येत नसेल तर चल परत लासूरला!"

"चला की. मी कवा म्हटलं ऱ्हायचं?" ती म्हणाली आणि पिशवी भरू लागली.

मी भिंतीकडं तोंड करून पडले. नणंदांना रुसता येतं, ते आम्ही लहानपणापासून शिकतो. वाटलं, हिच्यासाठी एवढं मनात आणलं आणि हिला साधं खुर्चीवर बसता येत नाही. रडायला येत होतं. रडता रडता झोप लागली ती भुकेनंच उघडली. दुपार झालेली. पिशवी जागेवर, वहिनी नाही.

मी हॉलमध्ये शोधलं, स्वयंपाकघराच्या दारात डोकावले, कपडे धुण्याच्या खोलीतही बघून आले. शेवटी हातमोजेवाल्यानं बागेकडं बोट केलं.

बागेच्या टोकाला हॉटेलवाल्यांनी गवताचं छप्पर घालून चूल मांडली होती. तिथं पडेगावची एक बाई, आवडाबाई, येणाऱ्या-जाणाऱ्यांना भाकरी थापून द्यायची. वयानं पन्नाशीतली, अंगावर हॉटेलनं दिलेलं हिरवं नऊवारी, नाकात चापाची भलीमोठी नथ. समोर ताटं घेऊन माणसांची रांग. आणि चुलीशेजारी बुटक्या स्टुलावर आमची वहिनी. मी लिंबाच्या झाडाआड थांबले.

वहिनी उठू बघत होती. "सरा, दोन मी थापते. तुमचं हात दुखलं असतील."

आवडाबाईनं पिठाच्या हातानं तिचा खांदा दाबून तिला परत बसवलं. "मी तुमच्या घरी आले, तर थापू द्याल का मला?"

"छ्या! पाव्हणीला?"

"मग?"

वहिनीनं पुढं केलेले हात मांडीवर घेतले.

"माहेर कुठलं तुमचं?" आवडाबाईनं विचारलं. दोन बायका चुलीपाशी बसल्या की हे विचारतातच.

"लासूर स्टेशन."

"ते सासर सांगितलं व्हतं मघा. माहेर इचारते मी."

"नाय मला," वहिनी म्हणाली.

भाकरी थापणारे हात थांबले. मग परत चालू झाले. "तर मग लई बरं झालं," आवडाबाई म्हणाली. "माझ्या सासूला सहा पोरं, सहाबी गडी. नणंद औषधाला नाय. दिवाळीला माहेरवाशीण येती म्हंजी काय व्हतं, आमच्या घराला ठावंच नाय. तुम्ही व्हा माझी नणंद. आन् माहेरवाशिणीनं उठायचं नसतं, बसा गप."

तिनं तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी उचलली. रांगेतल्या पहिल्या माणसानं, अर्ध्या चड्डीतल्या एका गोऱ्या साहेबानं, ताट पुढं केलं. आवडाबाईनं ते हातानं बाजूला सारलं. "थांब बाबा. आधी माझी नणंद जेवती." साहेबाला काय कळलं कोण जाणे, पण तो ताट खाली घेऊन थांबला. त्याच्यामागं अख्खी रांग थांबली. आणि भाकरी वहिनीच्या ताटात पडली, वर वांग्याचं भरीत आणि ठेचा.

वहिनीनं रांगेकडं पाहिलं. मला वाटलं, आता उठणार, आता ताट साहेबाला देणार. तिनं घास मोडला आणि बोटं झटकली. "भाजतंय की," ती म्हणाली, आणि फुंकर घालून खाल्लाच.

मी ज्यासाठी तिला आणलं होतं ते झालं होतं. माझे डोळे भरून आले. शहाण्या बाईनं तिथून निघून जायला हवं होतं. पण चोरून ऐकायची सवय मला पहिल्यापासूनच.

आवडाबाईनं जेवायला बसायचं म्हणून नथ काढून कनवटीला लावली, दुसऱ्या बाईला तव्यापाशी बसवलं आणि वहिनीशेजारी टेकली. "सासरचं कसं काय?"

"सासू तशी बरी व्हती," वहिनी सुरू झाली. "पण तुपाच्या वाटीवर डोळा ठेवायची."

"आन् नणंद?"

"नणंद?" वहिनीनं हातातला घास खाली ठेवला. "ती हितंच हाय. वर झोपलीय."

ती! पन्नास वर्षं 'अहो वन्सं, तुम्ही वन्सं', आणि आज ती!

"दर दिवाळीला यायची," वहिनी सांगत होती. "आली की खाटंवर पाय सोडून जी बसायची, ती गाडीची येळ झाल्यावरच उठायची. चहा नेऊन द्यावा तर एक घोट घेऊन म्हणायची, वैनी, साखर कमी झाली. दर येळंला! कधी म्हणून चुकली नाय."

कमीच असायची, मी झाडाआडून मनात म्हणाले. आजही कमीच असते. पदर खोचून मी पुढं निघालेच होते.

"रेशनची साखर," वहिनी म्हणाली, "डब्याला सासूचं कुलूप. घरात सगळ्यांना चिमूट चिमूट. मी माझ्या वाट्याची बी तिच्या कपात घालायची, आन् बिनसाखरंचा प्यायची. तरी हिचं आपलं, कमी झाली, कमी झाली."

मी होते तिथं उभी राहिले. हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या आईनं डब्याला कुलूप लावलेलं आठवत होतं. कुलुपाच्या अलीकडं काय चाललंय ते कधी विचारलं नव्हतं.

"आन् सासू गेल्यावर?" आवडाबाईनं विचारलं. "मग तर डबा तुमचाच?"

"मग हाताला सवयच झाली." वहिनी पदर तोंडाला न लावता म्हणाली, "आन् खरं सांगू? मग मी मुद्दामच घालत नव्हते."

दोघी अशा हसल्या! वहिनी मान मागं टाकून, तोंड उघडून हसत होती. तिचा एक सोन्याचा दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "नणंदा मेल्या अशाच," आवडाबाई म्हणाली. मी झाडाआड वाट बघत होते, की आता तरी वहिनी म्हणेल, पण मनानं चांगली आहे हो. नाही म्हणाली. तिनं दुसरी भाकरी मागितली.

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण मी लासूरला जायची तेव्हा पहिली गोष्ट काय करायची? चुलीपाशी बसून माझ्या सासूची आणि नणंदांची उणीदुणी काढायची, आणि ती ऐकायला वहिनी असायची. भाजी ढवळत 'व्हय का, असं म्हणाल्या व्हय' करत सगळं पोटात घ्यायची. तिनं तिचं कोणाला सांगायचं? सासरच्या माणसाला सासरचं गाऱ्हाणं सांगता येत नाही. त्याला माहेर लागतं. मी आल्या पावली वर गेले, भिंतीकडं तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले.

ती आली. "वन्सं, उठा. जेवायचं ऱ्हायलं नव्हं तुमचं?"

"तू?"

"मी जेवले." मग तिलाच ते ऐकून नवल वाटल्यासारखं ती पुन्हा म्हणाली, "मी आधीच जेवले."

मी खाली गेले तेव्हा चूल विझली होती. आवडाबाईनं टोपल्यातली उरलेली भाकरी दिली, भरीत संपलं होतं. ती भाकरी गार होती आणि वातड होती. गार भाकरी कोणालाही आवडत नाही, हे मी आधीच सांगितलंय.

त्यानंतर वहिनी ओळखू येईना. संध्याकाळी पलंगावर पाय सोडून बसली. टॉवेलला हात लावला नाही. फोन उचलून म्हणाली, "भाऊ, चहा धाडा. आन् गरम असू द्या, मघाचा कोमट व्हता." खोली आवरणारी बाई आली तेव्हा ही खिडकीशी बसून तिला पुतण्यांची, पाण्याची, पोरांच्या शाळेची विचारपूस करत होती. तिचा झाडू मात्र हातात घेतला नाही.

निघायच्या दिवशी आवडाबाई हिरवं नऊवारी नेसायच्या आधीच, स्वतःच्या साध्या लुगड्यात, खालच्या मोठ्या दालनात आली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि मूठभर ज्वारी. ओटी भरायला वहिनीचा पदर पुढं घेतला आणि क्षणभर घुटमळली, कारण वहिनीचं कपाळ मोकळं. विधवेची ओटी भरत नाहीत. वहिनीही पदर मागं घेऊ लागली. आवडाबाईनं तो सोडला नाही. "माहेरवाशीण ती माहेरवाशीण," ती म्हणाली आणि ज्वारी पदरात घातली. वहिनीनं पिशवीतून हिरवा खण काढून तिच्या हातात ठेवला.

आणि मग वहिनी रडली. नुसते डोळे पुसले नाहीत. माहेराहून निघताना आमच्याकडच्या बायका रडतात तशी, आवडाबाईच्या गळ्यात पडून, सूर लावून रडली. लासूरला मी दर दिवाळीला अशीच रडायची आणि वहिनी मला पाणी आणून द्यायची. त्या संगमरवरी दालनात तो आवाज घुमला. काउंटरवरची मुलगी उभी राहिली, गोऱ्या लोकांनी बॅगा खाली ठेवल्या, हातमोजेवाल्यानं हातमोज्यानंच डोळे पुसले. मॅनेजर धावत आला.

"मॅडम, काय झालं? काही तक्रार आहे का? आमच्याकडून काही चुकलं का?"

"काही नाही हो," मी म्हणाले. "माहेराहून निघालीये ती. थोडी रडू द्या."

गाडीत पडेगाव मागं पडेपर्यंत ती हुंदके देत होती. मग नाक पुसलं, भाकरीचं फडकं सोडून आत बघितलं आणि म्हणाली, "आवडा मनानं चांगली हाय. पण भाकरी जरा जाड थापती. आन् ठेच्यात मीठ कमी." मी चमकून बघितलं. तो सूर माझ्या ओळखीचा होता. माझाच होता.

लासूरला घराच्या ओट्यावर शेजारची वच्छलाबाई भेटली. "कुठं गेला व्हता, द्वारकाबाई? दोन-तीन दिस दिसला नाय."

"माहेराला," वहिनी म्हणाली. असं म्हणाली, जणू दर वर्षी जाते.

मला ओट्यावर बसवून ती आत गेली. सुनेला बाजूला करून स्वतः चहा ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आली ती दोन कपबश्या घेऊन. वच्छलाबाईला एक दिला, मला एक दिला. मी घोट घेतला. साखर कमी होती. मी काही बोलले नाही. मी आता जन्मात बोलणार नव्हते.

वहिनी माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. मग तिनं ओट्यावर ठेवलेल्या पिशवीत हात घातला आणि हॉटेलातल्या साखरेच्या दोन पुड्या माझ्या बशीत ठेवल्या.

"घाला वन्सं, पाहिजे तेवढी," ती म्हणाली. "माझ्या माहेरची हाय."